तुरपाईची टोपली

आत्याच्या शिवणाच्या दुकानात दाराजवळच एक वेताची टोपली असायची. मशीनवर शिवून झालेले, पण खालची कड दुमडून हाताने शिवायची राहिलेले कपडे तिच्यात पडलेले असायचे. काम शिकायचंय म्हणून कुणी बाई दारात उभी राहिली, की आत्या तिला काय येतं आणि काय येत नाही याची चौकशी करत बसायची नाही. स्टुलाकडे बोट दाखवायची, टोपलीतला एखादा झगा आणि सुई-दोरा तिच्या हातात ठेवायची आणि म्हणायची, "बस. आधी तुरपाई, मग बेतणं."

बाई भीत भीत टाके घालायची. गांडूळ चालल्यासारखी तुरपाई व्हायची. आत्या ती बोटांनी चाचपायची, जरा ओढून बघायची आणि म्हणायची, "धरलंय की. आतली बाजू आहे, कोण बघतंय?" संध्याकाळी ती बाई घरी जायची ती मान ताठ करून, आणि दुसऱ्या दिवशी हमखास परत यायची.

गल्लीतल्या दुसऱ्या शिंप्याला हे काही पटायचं नाही. "बाई, दुकान चालवताय की पाळणाघर?" असं तो जाता-येता टोकायचा. स्वतः आत्याचा हात असा, की चहाला उकळी येईपर्यंत झग्याची कड पुरी व्हावी. पण टोपलीला ती हात लावत नसे. टोपली आपणच रिकामी केली तर उद्या दारात येणारीला बसवायचं कशावर, असा तिचा साधा हिशेब. देव काही सगळ्यांच्या हातात एकदम कात्री देत नाही, आधी सुईच देतो, असंही ती म्हणायची. त्या टोपलीवरून उठलेल्या कितीतरी जणींनी पुढे आपली दुकानं थाटली. टोकणाऱ्या शिंप्याच्या दुकानात सगळ्यात अवघड कोट बेतणारी बाईसुद्धा आत्याकडूनच गेलेली होती. हे शिंपी सोयीस्करपणे विसरायचा आणि आत्याही त्याची आठवण करून द्यायची नाही.

पुढे काचबिंदूने आत्याचे डोळे गेले. हळूहळू गेले, चोरपावलांनी. सुईत दोरा जाईना, मग मापाच्या पट्टीवरचे आकडे दिसेनात, मग समोरच्या माणसाचं तोंड. कात्री तिने दुकानातल्या सगळ्यात जुन्या बाईच्या हाती दिली आणि मागच्या दोन खोल्यांत ती राहू लागली. देवाला तिने बोल लावला नाही. ज्याने इतकी वर्षं दाखवलं त्याने आता पडदा ओढला, त्याचं घर आहे, त्याचा पडदा आहे. एकच गोष्ट मात्र तिला सलायची. सकाळी तोंड धुतलं की प्रार्थनेच्या पुस्तकातलं एक पान वाचायचं, हा तिचा लहानपणापासूनचा नेम. आता ती पुस्तक उघडून मांडीवर ठेवायची आणि पानावरून नुसता हात फिरवत बसायची.

तिच्या सख्ख्या भावाचा मुलगा नोकरीसाठी त्याच शहरात आला होता आणि तिच्याकडेच राहत होता. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणं हा त्याचा धंदा. आत्याचा तो पानावर फिरणारा हात त्याने एकदा बघितला, आणि ऑफिसातून आल्यावर खटपट करून एक प्रोग्रॅम लिहिला. संगणकात असलेला कुठलाही मजकूर तो मोठ्याने वाचून दाखवायचा. नाव द्यायला भाच्याला फार डोकं खाजवावं लागलं नाही. नाव ठेवलं 'वाचा'. वाचा म्हणजे वाणी. आणि वाचा म्हणजे पुस्तक उघडा आणि वाचा. लिहायला एकच शब्द, बोलायला दोन.

आणि सगळी गंमत तिथेच होती. आपल्या भाषेत चहातला च वेगळा आणि चोरातला च वेगळा, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. आईच्या कडेवर असतानाच ते जिभेला कळतं. जचं तेच, झचं तेच. अक्षर एक, आवाज दोन. पण मातृभाषा शिकायला आधी आई लागते, आणि मशीनला ती कुठून आणायची? वाचाला एकच च ठाऊक होता, चहातला. पहिल्या सकाळी तिने भाच्याने संगणकात उतरवून ठेवलेलं प्रार्थनेचं पान उघडलं आणि गंभीर आवाजात म्हणाली, "देवा, माझ्यं च्यांगलं कर. माझी च्यूक पोटात घाल."

आत्या हसली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. भाचा ओशाळला, म्हणाला की दुरुस्त करतो. "असू दे रे," आत्या म्हणाली. "देवाकडे परगावचे लोकही येत असतीलच की. त्याला सवय असेल."

भाच्याने वाचा स्वतःपाशी ठेवली नाही. प्रोग्रॅम सगळ्यांना मोकळा करून दिला, नुसता वापरायलाच नव्हे, तर आतून उघडून बघायला आणि बदलायलाही. म्हणजे नेमकं काय केलंस, असं आत्याने विचारलं, आणि त्याने समजावल्यावर तिने ते आपल्या भाषेत करून घेतलं. कपड्याचा कागदी नमुना त्याने भिंतीला टांगून ठेवला होता. ज्याला हवा त्याने उतरवून न्यावा, आपल्या मापाचा करून घ्यावा, आणि काही सुधारणा सुचली तर ती करून परत आणून टांगावा. आत्याला ही पद्धत फार आवडली. ज्ञान कुलपात ठेवू नये असं तिला आधीपासून वाटायचंच.

नमुना नेणारे पुष्कळ निघाले. ज्यांना दिसत नाही ते, ज्यांना दिसून वाचवत नाही ते, म्हातारे-कोतारे, परीक्षेची पोरं. परत आणून टांगणारं मात्र कुणी नव्हतं. भाचा ऑफिसातून यायचा, जेवायचा आणि वाचाच्या तक्रारी निस्तरत बसायचा. असं करता करता त्याची रयाच गेली. त्यात बातमी आली की सगळ्या संगणकांत आता नवी यंत्रणा येणार. जुनी वाचा त्यावर एक अक्षर बोलणार नव्हती. बाहेरून कपडा तोच दिसला, तरी आतली सगळी शिलाई उसवून नव्याने घालावी लागणार होती.

सुट्टीच्या दिवशी सकाळी चहा पिता पिता भाचा म्हणाला, "आत्या, मी वाचा बंद करतोय. लोकांना तसं कळवून टाकतो."

आत्याने कप हळूच खाली ठेवला. एकदा डोळे गेले होते, ते तिने सोसलं होतं. आता दुसऱ्यांदा जाणार होते, आणि तिचे एकटीचे नव्हे, कुठल्या कुठल्या घरांतल्या न बघितलेल्या माणसांचे. पण ती रडली नाही की त्याला भरीस घातलं नाही. पोराचा आवाजच सांगत होता की त्याच्यात आता त्राण उरलेलं नाही. तिने एवढंच विचारलं, मदतीला कुणी येत नाही का?

"येतात. टिकत नाहीत. लोकांना आयतं हवं असतं गं, काम नको असतं."

हे वाक्य आत्याच्या ओळखीचं होतं. गल्लीतला तो शिंपी हुबेहूब असंच म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी भाचा ऑफिसला गेल्यावर तिने संगणकापुढे खुर्ची ओढली. मदतीला आलेल्यांची पत्रं आणि त्यांना दिलेली उत्तरं कुणालाही वाचता येतील अशीच ठेवलेली असत. ती तिने वाचाकडूनच ऐकायला घेतली. एका बाईंनी लिहिलं होतं की त्या दंतवैद्य आहेत, वडिलांना वाचाचा फार आधार आहे, प्रोग्रॅम वगैरे येत नाही पण काहीतरी करावंसं वाटतं, काय करू? त्याखाली भाच्याचं उत्तर होतं: आधी माहितीची पानं वाचून घ्या. आत्याने ती पानंही लावली आणि ऐकता ऐकता तिचा डोळा लागला. दंतवैद्यीणबाईंचं पुढे पत्र नव्हतं.

दुसरं पत्र एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचं होतं. त्याने फावल्या वेळात वाचातला एक मोठा दोष शोधून, निस्तरून पाठवला होता. भाच्याने त्याला लांबलचक उत्तर दिलं होतं. वाचा ते तिच्या सपाट आवाजात बोलत सुटली: इथे च्यूक, इथे च्यूक, इथेही च्यूक, हे च्यालणार नाही. शेवटी त्या माणसाचे दोनच शब्द होते. बरं, राहिलं.

या खेपेला त्या उच्चारांनी आत्याला हसू आलं नाही.

संध्याकाळी भाचा घरी आला तशी तिने त्याला समोर बसवलं. "तुझं लिहिलेलं आज सगळं ऐकलं," ती म्हणाली.

"मग? एक तरी चूक मी खोटी दाखवलीय का?"

"एकही नाही. सगळ्या खऱ्या. पण अरे, दारात आलेल्याला तू पहिल्याच दिवशी कोट बेतायला देतोस, आणि कात्री वाकडी गेली की सगळ्या दुकानासमोर उसवून दाखवतोस. परत कशाला येईल तो?"

भाचा जरा चिडला. त्याचं म्हणणं, बारीकसारीक कामं दुसऱ्याला समजावून देईपर्यंत तो स्वतः दहा वेळा करून मोकळा होतो.

"तुरपाई मीपण पटकन करायचे," आत्या म्हणाली. "पण मी करायचे का?"

लहानपणी सुट्टीत भाचा आत्याकडे यायचा आणि त्या टोपलीशेजारीच खेळायचा. आत्याने टोपलीतला कपडा उचललेला त्याने कधीच बघितला नव्हता. तो म्हणाला, "आत्या, माझ्याकडे टोपलीच नाहीये गं."

"मग आणू या की एक."

टोपलीत घालायला काम आत्याच्या कानाशीच होतं. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या आवाजात निरोप भरला आणि भाच्याने तो वाचाच्या पानावर लावला. त्यात ती म्हणाली होती की मी या वाचाची आत्या. पोरगी हुशार आहे, पण तिला चहातला च आणि चोरातला च यांतला फरक कळत नाही, कारण तिला आई नाही. तर आपण सगळ्यांनी मिळून तिच्या आया व्हायचं. वाचा जो शब्द चुकीचा बोलेल, तो तुम्ही नीट बोलून मला पाठवा. एकच शब्द पाठवलात तरी चालेल. येणाऱ्या प्रत्येकाला मी त्याच दिवशी उत्तर देईन, कारण मला दुसरा उद्योग नाही.

आणि जे कधीकाळी येऊन गेले होते, त्यांना तिने एकेकट्याला निरोप धाडला. दंतवैद्यीणबाईंचं उत्तर तासाभरात आलं. त्यांनी एकच शब्द पाठवला होता: चावा. वाचा वडिलांना आरोग्याचा लेख वाचून दाखवते तेव्हा 'घास बत्तीस वेळा च्यावा' म्हणते, आणि वडील जेवण सोडून हसत सुटतात, असं त्यांनी कळवलं होतं. शब्दाच्या मागे कुणीतरी चूळ भरल्याचा खळखळाट ऐकू येत होता. आत्याने उत्तर दिलं, "शब्द पक्का बसला. चूळ भरणाऱ्यालाही धन्यवाद सांगा." दंतवैद्यीणबाई खुश झाल्या. मग दर पेशंटमागे एक शब्द येऊ लागला, आणि थोड्याच दिवसांत पेशंटही शब्द सांगू लागले. तोंड उघडंच असल्यामुळे त्यांचे च मात्र घेता येत नसत.

घरात पाहुणे न येताही घर भरल्यासारखं झालं. कुणी झोप पाठवली, कुणी जोडा, कुणी काच. पत्राची सुरुवात सगळे "आत्या" अशीच करायचे. आत्याही हरखली. आलेला एकही टाका तिने उसवला नाही. जे येईल त्याला "धरलंय की" म्हणायची आणि भाच्याकडून आत घालून घ्यायची.

आणि तिथेच ती फसली. कुणीतरी उत्साहाच्या भरात कळवलं होतं की शब्दाच्या सुरुवातीचा च हा चोरातलाच समजावा, म्हणजे कटकट मिटली. आत्याला ते ऐकायला बरं वाटलं. भाचा कामाच्या गडबडीत होता, त्यानेही आत्याच्या शब्दावर ते घालून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघरच्या वाचा त्सहा मागू लागल्या. त्सार वाजले, असं सांगू लागल्या. एका आजोबांनी कळवलं की त्यांचा त्सष्मा हरवलाय.

आत्याने कपाळाला हात लावला. आता हा पोरगा मला उसवणार, आणि उसवावंच त्याने, असं म्हणून ती तयारीत बसली. पण भाचा तिच्याशेजारी येऊन बसला आणि शांतपणे म्हणाला, "आतली बाजू आहे आत्या, कोण बघतंय?"

"गाढवा, चहा म्हणजे आतली बाजू नव्हे. तो कॉलर आहे, कॉलर."

दोघंही इतके हसले की दुकानातली बाई आत डोकावून गेली. दुपारच्या आत भाच्याने ते निस्तरलं. पण आत्याने खूणगाठ बांधली, की तुरपाईला कुणीही चालेल. कॉलर बघायला मात्र कडक नजरेचं माणूस हवं.

ते माणूस त्याच दिवशी चालून आलं. भाषा शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर होते. त्यांचं पत्र वाचायलाच वाचाला दम लागला. चहाची विटंबना झाली आहे, पत्रं लिहिणाऱ्यांचं व्याकरण शोचनीय आहे, दंतवैद्यीणबाईंनी एका वाक्यात दोनदा 'आणि' वापरलं आहे, आणि प्रोग्रॅमला स्वतःचं नाव दोन्ही अर्थांनी उच्चारता येत नाही ही तर लाजेची परिसीमा आहे. भाचा म्हणाला, याला टाळू या, हा चार दिवसांत सगळ्यांना पळवून लावेल. आत्याने मास्तरांना फोन लावला.

मास्तर बोलले ते घटकाभर बोलले. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "मास्तर, शिकवायचं सोडल्यावर वह्या तपासायची आठवण येत असेल ना?"

मास्तर बारीक आवाजात म्हणाले, "रोज येते, बाई."

"मग माझं एक ऐका. माणसांना सोडा, मशीनला धरा. ही एक विद्यार्थिनी अशी आहे की कितीही लाल शाई ओतली तरी रडत नाही, आणि एकदा सांगितलं की जन्मात विसरत नाही."

मास्तरांनी फोन ठेवला आणि कामाला लागले. 'वाचा बसली' मधली वाचा कोणती आणि 'मोठ्याने वाचा' मधली कोणती, हे शेजारच्या शब्दांवरून कसं ओळखायचं, याची वाक्यंच्या वाक्यं ते भाच्याला पुरवू लागले. वाचाला ते नापास करायचे, पुन्हा परीक्षेला बसवायचे आणि पास झाली की पेढा मिळाल्यासारखे पत्र लिहायचे. माणसांचं व्याकरण सुधारायला त्यांना वेळच उरला नाही.

बोलणं असं सुधारत चाललं होतं, पण मूळ संकट होतं तिथेच होतं. नवी यंत्रणा महिन्यावर आली आणि वाचाची आतली शिलाई अजून जुनीच होती. तेवढं मोठं काम एकट्या भाच्याच्या हातून वेळेत उरकणार नव्हतं. कितीही गोड बोलायला शिकवलं तरी त्या दिवशी पोरगी मुकी होणार, हे आत्याला दिसत होतं. टोपलीवरची मंडळी अजून सुई धरायलाच शिकत होती. कात्रीवाला एकच ठाऊक होता, आणि तो रुसून गेला होता.

लिफ्टवाल्याला आत्याने पहिल्याच फेरीत निरोप धाडला होता: तुमचा टाका अजून इथे टाचणी लावून ठेवलाय. उत्तर आलं नव्हतं. तिने पुन्हा विचारलं, आणि पुन्हा. शेवटी एका दुपारी त्याचाच फोन आला. तो कुठल्याशा इमारतीत लिफ्टच्या माथ्यावर बसून बोलत होता. त्याच्या बायकोला जन्मापासून दिसत नाही. तिच्यासाठीच त्याने तेव्हा तो दोष काढला होता. इथून धुडकावल्यावर त्याने वाचाचा नमुना घरी नेऊन आपल्यापुरता सुधारत ठेवला होता, आणि नव्या यंत्रणेवर ती घरची वाचा झकास बोलत होती.

देव दार लावतो तेव्हा खिडकी कुठल्या लिफ्टमध्ये ठेवतो, त्याचं त्यालाच माहीत.

"मग ती परत भिंतीला टांगा ना," आत्या म्हणाली.

"आत्या, तुमचं मन मोडवत नाही. पण तुमच्या भाच्याने माझा एकेक टाका मोजला होता. पुन्हा ते नको."

आत्याने फोन भाच्यापुढे धरला. सुट्टीचा दिवस होता, तो समोरच बसला होता. तो एकदा आत्याकडे, एकदा फोनकडे बघू लागला. माफी मागायची सवय नसलेल्या माणसाची जी गत होते तीच त्याची झाली. शेवटी म्हणाला, "मी तेव्हा चुका सांगितल्या. काम चांगलं आहे हे सांगायचं राहिलं. ते आज सांगतो."

लिफ्टवाला म्हणाला, "लिफ्ट खाली घ्यायचीय. संध्याकाळी पाठवतो."

त्याने पाठवलेलं काम मास्तरांच्या भाषेत शोचनीय होतं. भाचा वाचत होता आणि त्याची बोटं शिवशिवत होती. आत्या शेजारी वाटाणे सोलत बसली होती. भाच्याने सगळं वाचलं. ज्याने वाचा बंद पडली असती अशी एकच गोष्ट त्याने लिफ्टवाल्याला विचारली, बाकीची वाकडी टोकं टोपलीत टाकली. कुणी ना कुणी ती उचललीच. दंतवैद्यीणबाई एव्हाना सुईवरून कात्रीवर आल्या होत्या. दोन पेशंटांच्या मध्ये त्या प्रोग्रॅम लिहायला शिकल्या होत्या आणि दाढेइतक्याच शांतपणे दोष उपटून काढत होत्या.

भाच्याकडून आत्याने आणखी एक काम करून घेतलं. नवी वाचा लोकांसमोर ठेवायचा अधिकार त्याच्या एकट्याकडे होता. दुकानाची किल्ली एकाच खिशात असली, की त्या माणसाबरोबर दुकानही आजारी पडतं, असं ती म्हणत राहिली. तो कुरकुरला, पण लिफ्टवाला आणि दंतवैद्यीणबाई यांनाही त्याने किल्ली दिली.

ठरलेला दिवस उजाडला. मास्तर सकाळपासून वाचाची शेवटची परीक्षा घेत होते. भाच्याची कैक दिवसांची झोप तुंबली होती. जेवण झाल्यावर जरा डोळे मिटतो म्हणून तो खुर्चीत टेकला आणि तिथेच लाकडासारखा झोपला. थोड्याच वेळात फोन वाजला. आत्याने तो पहिल्या घंटेलाच उचलला.

लिफ्टवाला होता. मास्तरांनी पास केलंय, दंतवैद्यीणबाईंनी पुन्हा सगळं तपासलंय, भाच्याला एकदा विचारायचं होतं, असं म्हणाला. आत्याने कान दिला. भाचा घोरत होता. या पोराला असं दिवसाउजेडी घोरताना तिने किती वर्षांत ऐकलं नव्हतं. उठवावं की उठवू नये? काही बिनसलं तर त्या सगळ्या घरांत आज शुकशुकाट होणार होता, तिच्याही.

"तो झोपलाय," ती दबक्या आवाजात म्हणाली. "तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, तयार आहे."

"मग टांगा भिंतीला."

फोन ठेवल्यावर तिने हात जोडले. देवाला म्हणाली, आता तूच कॉलर बघ.

ऊन भिंतीवरून खाली उतरलं तेव्हा भाचा दचकून जागा झाला. "आत्या, वाचा! आज वाचा द्यायची होती!"

"दिली."

"कुणी दिली?"

"लिफ्टवाल्याने बेतली, दंतवैद्यीणबाईंनी शिवली, मास्तरांनी इस्त्री केली. तू घोरलास."

भाच्याने धडपडत संगणक लावला. नवी यंत्रणा उघडली. क्षणभर काहीच आवाज आला नाही, आणि आत्याने खुर्चीचा हात घट्ट धरला. मग तोच ओळखीचा आवाज म्हणाला, "वाचा तयार आहे. काय वाचायचं ते सांगा, नाहीतर स्वतः वाचा." पहिली वाचा वाणीतली, शेवटची पुस्तकातली. दोन्ही चोख. मास्तरांचंच वाक्य होतं ते, विद्यार्थिनीच्या पहिल्या नंबराची जाहिरात म्हणून मुद्दाम घातलेलं.

आत्याने प्रार्थनेचं पान लावायला सांगितलं. सकाळचं पान संध्याकाळी, पण आज देव चालवून घेईल. "देवा, माझं चांगलं कर," वाचा म्हणाली, अगदी शेजारच्या बाईने म्हणावं तशी. आत्या तृप्त होऊन ऐकत होती. फक्त 'चूक पोटात घाल' आलं तेव्हा तिला जरासं चुकल्यासारखं वाटलं. त्या च्यूकची सवय झाली होती.

घराघरांतून पत्रं येऊ लागली होती, बहुतेक आनंदाची. भाचा एकेक वाचून दाखवत होता. एका बाईंचं पत्र नवीनच होतं, यापूर्वी कधी न आलेल्या. नवी वाचा त्यांच्या घरी छान चालतेय, पण पाण्याचा जग म्हटलं की ती हे सगळं जग असतं ना, ते जग म्हणते. टेबलावर पाण्याचं जगच्या जग ठेवल्यासारखं वाटतं. हे कुणाला सांगायचं असतं?

भाच्याची बोटं सवयीने पुढे गेली. चुटकीसरशी झालं असतं. आत्याला बटणं दाबल्याचा आवाज येईना. तिने वाट बघितली.

"काय रे, थांबलास का?"

"काही नाही," भाचा म्हणाला. त्याने त्या बाईंना उत्तर लिहायला घेतलं होतं, आणि लिहिता लिहिता तो मोठ्याने म्हणत होता, "बरं झालं आलात. हा शब्द आम्ही तुमच्यासाठी टोपलीत ठेवलाय. पाण्याचा जग कसा म्हणायचा, ते तुम्हीच एकदा बोलून पाठवता का?"

आत्या उठली आणि चहा टाकायला गेली.